अँटिगोरिओचा नाइस: २९ कोटी वर्षांचा खडक त्याच्याहून तरुण संगमरवरावर कसा जाऊन बसला?

घाटवाटा_पुणे

नमस्कार मंडळी. जूनमध्ये स्वित्झर्लंडमधल्या ब्रिगहून सिंप्लॉनमार्गे इटलीत डोमोडोसोलाला जायचंय आणि तिथून अँटिगोरिओ खोऱ्यात जमेल तेवढं चालायचा बेत आहे. त्यासाठी तिकडच्या डोंगरांबद्दल वाचत होतो आणि एका गोष्टीपाशी अडकलोय. मी भूगर्भशास्त्र शिकलेलो नाही, सह्याद्रीत फिरून फिरून बेसाल्टची जेवढी ओळख झाली तेवढीच. आपल्याकडे हिशोब सरळ असतो, लाव्हाचा एक थर, त्यावर पुढचा, त्यावर त्याच्या पुढचा, जो वर तो नंतरचा. कोकणकड्यासमोर उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतं.

पण या खोऱ्यात म्हणे नाइसचा (उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक) एक प्रचंड जाड पट्टा जवळजवळ आडवा पसरलाय, वय २९ कोटी वर्षं, आणि त्याच्या वरही संगमरवर नि शिस्ट (अभ्रकाच्या पापुद्र्यांचा रूपांतरित खडक), खालीही शिस्ट नि संगमरवर, आणि हे मूळचे ट्रायासिक-ज्युरासिक समुद्रातले गाळ, म्हणजे नाइसपेक्षा निदान चार-पाच कोटी वर्षांनी तरी तरुण. वरचे समजू शकतो. खालचे कसे काय? जिथे वाचलं तिथे 'हा नॅप आहे' एवढं म्हणून पुढे गेलेत.

एवढा कडक खडक तुटून सरकला का वाकला? वाकला तर मोडला कसा नाही? आणि हे कळलं कसं, डोंगराच्या आत जाऊन तर कोणी बघितलं नसेल ना? साध्या भाषेत कोणी सांगेल का.

अभ्रकी

छान प्रश्न, आणि तुम्ही बरोबर जागी अडकलाय. मी एमएस्सीला रूपांतरित खडकच केले, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

सुरुवातीला तिथेही क्रम सरळच होता. २९ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळात, युरोपच्या कवचात खोलवर ग्रॅनाइटचा रस घुसला आणि तिथेच थंड झाला. मग वरचे डोंगर झिजले, ग्रॅनाइट उघडा पडला, त्यावर समुद्र आला आणि समुद्रात वाळू, डोलोमाइट, चुनखडी, चिखल साचत गेला. म्हणजे खाली जुना ग्रॅनाइट, वर तरुण गाळ. तुमच्या सह्याद्रीच्या नियमाप्रमाणेच.

नंतर दक्षिणेकडची ॲड्रियाटिक प्लेट युरोपवर चढायला लागली. मधला समुद्र संपला आणि साधारण ४ कोटी वर्षांपूर्वी युरोपचा काठ, हा ग्रॅनाइट आणि त्याच्यावरचा गाळ असा सगळा जामानिमा घेऊन, तिच्या खाली ढकलला गेला. खाली म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर किंवा त्याहूनही खोल, जिथे तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. तुमच्या 'मोडला कसा नाही' चं उत्तर इथे आहे. एवढ्या उष्णतेत ग्रॅनाइट वितळला नाही, पण त्यातलं क्वार्ट्झ घन अवस्थेतच लाखो वर्षं हळूहळू वाहायला लागतं, अभ्रकाच्या चकत्या एका दिशेने वळतात, आणि फेल्डस्पारचे मोठे खडे जे सहज ऐकत नाहीत ते लांबट डोळ्यांसारखे ताणले जाऊन मधे मधे उरतात. ग्रॅनाइटचा नाइस होतो तो असा. म्हणजे जो खडक सरकला असं आपण म्हणतोय तो तेव्हा आपल्या हातातल्या दगडासारखा वागतच नव्हता.

मग झालं असं की हा मऊ झालेला ग्रॅनाइट उत्तरेकडे फुगत, लांबत गेला आणि आडवा पडला. जाड गोधडी भिंतीकडे सरकवली की तिची एक घडी उभी राहते आणि मग स्वतःच्याच अंगावर आडवी होते, आणि घडीच्या वरच्या बाजूला जे कापड तेच खालच्या बाजूलाही, फक्त उलटं. अँटिगोरिओ नाइस हा त्या घडीचा गाभा. अशी आडवी पडलेली किंवा लांबून सरकून आलेली खडकाची प्रचंड चादर म्हणजेच नॅप. त्याच्यावर साचलेला गाळ घडीच्या नाकाला वळसा घालून खाली गेला आणि तिथे उलटा झाला. म्हणून वरही तरुण, खालीही तरुण. वरच्या पट्ट्याला तेज्जोलो झोन म्हणतात, खालच्याला बाचेनोचे शिस्ट. आणि बाचेनोच्या खाली अजून एक नाइस डोकावतो, वेराम्पिओचा, तोही मूळचा ग्रॅनाइटच. त्या खालच्या पट्ट्यात वेराम्पिओच्या डोक्यावरचा स्वतःचा गाळही आलाच.

माझं स्पष्ट मत सांगते, तिथे गेल्यावर नाइसच्या मोठ्या भिंती बघून सगळेच हरखतात, पण गोष्ट सांगतात ते मधले पातळ पिवळट-पांढरे पट्टे. ते पट्टे नसते तर एका नाइसवर दुसरा नाइस बसलाय हे कोणाला कळलंही नसतं, सगळा एकच डोंगर वाटला असता.

कोल्हापूरी_रस्सा

ताई मस्त समजावलंत. पण मला एक शंका, २९ कोटी वर्षं वय कोणाचं? ग्रॅनाइटचं का नाइसचं? ६०० अंश डिग्रीत भाजून निघाल्यावर जुनं वय शिल्लक राहतंच कसं?

अभ्रकी

२९ कोटी हे ग्रॅनाइट गोठला तेव्हाचं वय. खडकात झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात, त्यांच्यात घडतानाच थोडं युरेनियम अडकतं आणि त्याचं ठरलेल्या वेगाने शिसं होत राहतं. झिरकॉन इतका चिवट की ६०० अंशांतही त्याचा गाभा आपली नोंद सोडत नाही, फार तर बाहेरून नवी कड चढते. अभ्रक मात्र एवढ्या तापमानात घड्याळ पुन्हा शून्यावर आणतं, त्यामुळे अभ्रकाचं वय मोजलं की खडक थंड कधी झाला ते कळतं आणि ते कोटी-दोन कोटींच्या आसपास येतं. एकाच दगडात दोन खनिजं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोन्ही खऱ्या असतात. म्हणून 'या खडकाचं वय काय' असं विचारलं की मी आधी विचारते, कोणत्या घटनेचं?

ट्रेकवाला_ठाणे

मला वाटतं घडी-बिडीची गरजच नाही. मी स्वित्झर्लंडमधल्याच ग्लारुसला जाऊन आलोय, तिकडे डोंगरावर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ आहे, रेघेच्या वर २५-३० कोटी वर्षांचे वेरुकानो नावाचे खडक आणि खाली तीन-चार कोटी वर्षांचे फ्लिश, म्हणजे समुद्रातल्या गाळाचे थर. सरळ सरळ वरचा तुकडा घसरत आलाय. २००८ पासून युनेस्कोच्या यादीतपण आहे. इथेही तसंच असेल ना, कशाला उगाच अवघड करायचं.

अभ्रकी

ग्लारुस अप्रतिमच आहे, पण दोन्हीकडे एकच यंत्र चाललंय असं नाही. ग्लारुसचे खडक तुलनेने थंड होते, ३०० अंशांच्या आसपास, त्यामुळे सगळी हालचाल एका पातळ चुनखडीच्या पट्टीत गोळा झाली आणि वरचा तुकडा जवळजवळ अखंड सरकला. अँटिगोरिओत खडक दुप्पट गरम होता, तिथे हालचाल एका रेघेत न राहता सगळ्या जाडीत वाटली गेली.

आणि हे नुसतं तर्काने नाही, तपासता येतं. नाइस आणि त्याच्या शेजारचा संगमरवर जिथे टेकतात तिथे बघायचं. सरकून आलेला असेल तर तिथे रगडलेला, चिरडून बारीक झालेला पट्टा मिळतो. मुळातच त्यावर साचलेला असेल तर गाळाच्या तळाशी त्याच ग्रॅनाइटची वाळू किंवा तुकडे मिळतात. तेज्जोलोच्या पट्ट्यात असे नाइसचे तुकडे असलेले थर आहेत, म्हणजे तो गाळ याच खडकावर साचला, कुठून तरी लांबून आणून वर ठेवलेला नाही. अर्थात सगळेच सांधे असे नाहीत. तेज्जोलोच्या वर लेबेंडुन नॅप आणि त्याच्याही वर मोंते लेओने नॅप आहे, ते लांबून आलेले आहेत आणि तिथे सरकणं भरपूर झालंय. एकाच खोऱ्यात घडी पण आणि सरकणं पण, त्यामुळे प्रत्येक सांध्याशी वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

बोगदेवाला

'आत जाऊन कोणी बघितलं का' याचं उत्तर: हो, बघितलं! अक्षरशः. मी सिव्हिलवाला आहे, बोगदे हा माझा कामाचा विषय, त्यामुळे सिंप्लॉनच्या रेल्वे बोगद्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी हे सांगतो की बोगद्याच्या कितीतरी आधी, १८६९ मध्ये, हाइनरिश गेर्लाख नावाच्या खाण इंजिनिअरने अँटिगोरिओ नाइस ही आडवी पडलेली घडी आहे असं मांडलं होतं. तोपर्यंत नाइस दिसला की तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात खालचा असंच गृहीत धरलं जायचं आणि याने नाइसच्या खाली तरुण खडक दाखवले. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. बेर्त्राँ या फ्रेंच भूवैज्ञानिकाने ग्लारुससाठी एकाच मोठ्या नॅपची कल्पना मांडली १८८४ मध्ये, तीसुद्धा पचायला वीसेक वर्षं लागली, यावरून विचार करा गेर्लाख किती पुढे होता. माझ्या मते त्याचं नाव जितकं घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही.

मग १८९८ ला सिंप्लॉनचं खोदकाम सुरू झालं. जवळजवळ २० किलोमीटर लांब, डोक्यावर कमाल २१०० मीटरहून जास्त डोंगर. आधी डोंगराच्या आतले जे छेद अंदाजाने काढले होते त्यात थर बरेचसे उभे धरले होते. आत गेल्यावर बऱ्याच भागात ते आडवे किंवा मंद उताराचे निघाले, आणि त्याचे परिणाम कागदावर राहिले नाहीत, कामगारांच्या अंगावर आले. आडव्या थरांच्या आच्छादनामुळे उष्णता वर निसटायला वाट कमी, त्यामुळे खडकाचं तापमान अंदाजापेक्षा कितीतरी वर गेलं, ५५ अंशांच्या आसपास. थंड पाण्याचे फवारे मारत माणसं काम करत होती, बहुतेक सगळे इटालियन मजूर.

आणि आता ती जागा ऐका. दक्षिणेचं तोंड इझेलेला, ते थेट अँटिगोरिओ नाइसमध्ये. पहिले चार-साडेचार किलोमीटर खडक कडक पण प्रामाणिक. मग नाइस संपला, घडीच्या बाजूचे चुन्याचे आणि अभ्रकी शिस्ट लागले, आणि तिथे एकदम थंड पाण्याचे लोंढे फुटले आणि त्याला लागूनच पिचलेल्या शिस्टचा असा तुकडा आला की लाकडाचे जाडजूड टेकू काड्यांसारखे मोडायला लागले, शेवटी लोखंडी चौकटी लावाव्या लागल्या. जेमतेम ४० मीटरचा तुकडा, कित्येक महिने खाल्ले. म्हणजे अभ्रकीताई म्हणतात तो पातळ पट्टा, जो वरून बघायला सुंदर दिसतो, तोच आत बोगदेवाल्याचा जीव काढतो. नाइसच्या मधोमध बोगदा चालवणं परवडतं, दोन नॅपच्या मधल्या सांध्यात शिरलात की पाणी पण आणि दाब पण.

२४ फेब्रुवारी १९०५ ला दोन्ही टोकं भेटली, १९०६ ला रेल्वे सुरू झाली. बोगद्यावर नेमलेल्या भूवैज्ञानिकांमध्ये हान्स शार्ट होता, त्याने आतून मिळालेला खडक मीटरमागून मीटर नोंदवला. आणि त्याच १९०५ मध्ये ल्युजाँ आणि आर्गां या दोन भूवैज्ञानिकांनी या भागातल्या नॅपना खालून वर नंबरच देऊन टाकले, पहिला अँटिगोरिओ, दुसरा लेबेंडुन, तिसरा मोंते लेओने, मग ग्रां सां बेर्नार, मोंते रोझा, आणि सहावा दां ब्लांश. मॅटरहॉर्नचं टोक ज्याचं बनलंय तो हा सहावा. पुढे नंबरात बरीच दुरुस्ती झाली पण पहिल्या तिघांचा क्रम अजून तोच वापरतात.

घाटवाटा_पुणे

बाप रे, एवढं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. बोगदेवाला सर, त्या ४० मीटरबद्दल वाचताना अंगावर काटा आला. आता पुढचा प्रश्न, वीस-पंचवीस किलोमीटर खोल गेलेला खडक परत वर आला कसा? नुसत्या नदीने आणि बर्फाने एवढा डोंगर खरवडला?

टिचिनोकर

याचं उत्तर मी देतो, मी बेलिंझोनाजवळ राहतो, नोकरी आयटीत पण सुट्टीचे दिवस या डोंगरांत जातात. नुसत्या झिजेने नाही. डोंगर वर उचलला जात असतानाच वरचा थर बाजूला सरकून गेला. सिंप्लॉन खिंडीच्या आसपासून एक मोठी भेग जाते, मंद उताराची, तिच्या वरचा पश्चिमेकडचा भाग नैर्ऋत्येला सरकत गेला आणि खालचे गरम खडक त्याच्या ओझ्यातून मोकळे होऊन वर आले. मुख्य काम साधारण २ कोटी ते १ कोटी वर्षांपूर्वी झालं असं धरतात. भेगेच्या दोन बाजूंच्या अभ्रकांची वयं मोजली की फरक दिसतो, खालच्या बाजूचे खडक बरेच उशिरा थंड झालेत. आल्प्स म्हणजे नुसतं दाबून वर आलेलं असं शाळेत शिकवतात पण मधेच ताणही पडलाय, आणि अँटिगोरिओसारखे खोल नॅप आज उन्हात दिसतात ते त्या ताणामुळे. मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

माझ्या घराजवळचा लेव्हेंतिना नाइसही असाच सगळ्यात खालच्या नॅपपैकी. ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बेस टनेल, २०१६ चा, त्यातून जातो आणि तिथेही खडक ४५ अंशांच्या वर होता.

आता तुमच्या प्रवासाचं. कृपा करून ब्रिगहून ट्रेनने जाऊ नका. ट्रेन बोगद्यातून जाते, ज्या खडकासाठी चाललाय त्याच्या पोटातून अंधारात जाल आणि काही दिसणार नाही. ब्रिगहून डोमोडोसोलाला खिंडीवरून पिवळी पोस्टबस जाते ती घ्या. २००५ मीटरची खिंड, उजेडात मोंते लेओने, मग उतरताना गोंदोची घळ लागते. त्या घळीच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंती म्हणजे तुमचा अँटिगोरिओ नाइस. नेपोलियनने १८०१ ते १८०५ मध्ये तोफा न्यायला जो रस्ता केला तो याच घळीतून काढलाय. डोमोडोसोलाहून मग क्रोदो, बाचेनो, प्रेमिया अशी बस वर जाते. बाचेनोला उतरा, चर्चच्या आसपास आणि खाली नदीकडे जाताना जे शिस्ट दिसतील त्यात गार्नेटचे तांबूस खडे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. जवळच उरिएत्सोच्या घळी आहेत, हिमनदीच्या पाण्याने कापलेल्या, आता कोरड्या, आतून चालत जाता येतं. बाचेनोहून मान वर केलीत की शिस्टच्या वर नाइसचे कडे. तरुण खाली, म्हातारा वर, तुमचा प्रश्न तिथे समोर उभा असतो. थकलात तर प्रेमियाला गरम पाण्याचे कुंड आहेत.

मार्बल_ग्रॅनाइट_किशनगड_ते_सांगली

माझा दगडाचा धंदा. हा अँटिगोरिओ नाइस बाजारात 'सेरिझो' नावाने येतो, करडा, काळ्या अभ्रकाच्या रेघा, मधे पांढरे डोळे. मिलानच्या जुन्या इमारतींचे खांब, पायऱ्या, फुटपाथच्या कडा, सगळीकडे हाच जातीचा दगड. खाणी मोठ्या व्हायच्या आधी तर हिमनद्यांनी मैदानात आणून टाकलेले मोठे धोंडेच फोडून वापरायचे, डोंगरात जायची गरजच नव्हती. आपल्या ओट्यांना जे लाटांसारख्या पट्ट्यांचे 'ग्रॅनाइट' लावतो त्यातले बरेच शास्त्राप्रमाणे नाइसच असतात, धंद्यात सगळ्यालाच ग्रॅनाइट म्हणतात. गिऱ्हाइकाला मी सांगतो, पट्ट्याला आडवा कापला तर वेगळं डिझाइन, पट्ट्याच्या बाजूने कापला तर वेगळं. पट्ट्याच्या बाजूने फळी सुटते पण नीट, म्हणून ओसोलातल्या, म्हणजे डोमोडोसोलाच्या आसपासच्या, जुन्या घरांची छपरंसुद्धा दगडी फळ्यांची आहेत.

खडकवेडा_नागपूर

सगळे आल्प्सवर बोलताय तर एक घरची गोष्ट. नॅप बघायला सगळ्यांना युरोपात जाता येत नाही, आमच्या नागपूर जिल्ह्यात देवलापारला जा, रामटेकच्या पुढे, जबलपूर रोडवर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या अतिप्राचीन खडकांमधल्या नॅपवर पेपर लिहिला, 'देवलापार नॅप' हे नाव तिथून चालत आलंय. तिथेही नाइस, शिस्ट आणि संगमरवर अशीच त्रयी आहे, पट्टा सौसर समूह म्हणतात त्या अतिप्राचीन खडकांचा, त्याच पट्ट्यात मनसरचं मँगनीज. आल्प्सपेक्षा कितीतरी जुनं प्रकरण, शंभर कोटी वर्षांच्या घरातलं. फरक एवढाच की आल्प्समध्ये खोल दऱ्यांनी डोंगर उभा कापून दाखवलाय, आणि आमच्याकडे सगळं झिजून सपाट झालंय, वर जंगल आणि माती, त्यामुळे नाल्यानाल्यातून फिरून तुकडे जुळवावे लागतात. वेस्ट यांच्या मांडणीवर पुढच्या लोकांनी आक्षेपही घेतलेत, नॅप आहे का नुसत्या एकावर एक पडलेल्या घड्या यावर मतभेद आहेत. म्हणूनच मला वाटतं की आपल्या कॉलेजांमधल्या पोरांना ट्रिप काढून आधी तिथे न्यायला पाहिजे, स्वतः सांधा शोधू दे, स्वतः वाद घालू दे.

कोल्हापूरी_रस्सा

देवलापारचं माहीतच नव्हतं दादा. पेंचला जाताना त्या रस्त्याने गेलोय आणि खिडकीतून फक्त जंगल बघितलं. थांबायचं नेमकं कुठे?

खडकवेडा_नागपूर

पावसाळा संपल्यावर या, ओढे उघडे पडतात तेव्हा. जंगलाचा भाग आहे, वनखात्याची परवानगी लागते तिथे आधी घ्या आणि हातोडी घेऊन कुठेही शिरू नका. संगमरवर ओळखायला सोपा, सौम्य ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो, तो सापडला की दोन्ही बाजूंना काय आहे ते वहीत लिहीत चालायचं. मेसेज करा, मी येतो सोबत.

घाटवाटा_पुणे

ट्रेनचं तिकीट काढलं नव्हतं, बरं झालं, आता बसच. अभ्रकीताई, शेवटचं एक, गोंदोच्या घळीत बस थांबली आणि दगड हातात आला तर मी नेमकं काय बघू?

अभ्रकी

आधी फेल्डस्पारचे डोळे शोधा आणि ते कोणत्या दिशेला लांबलेत ते बघा. मग दगड फिरवून दुसऱ्या बाजूने बघा, तिकडून ते बरेच आखूड, गोलसर दिसतील. लांबलेली दिशा म्हणजे खडक ज्या दिशेला ताणला गेला ती. होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच, पण दिशा मोजायची ती कड्यावरच्या जाग्यावरच्या खडकाची, रस्त्यावर पडलेल्या तुकड्याची नाही, तो कसाही फिरलेला असतो. आणि स्विसटोपोचा (स्वित्झर्लंडचं सरकारी नकाशा खातं) भूवैज्ञानिक नकाशा ऑनलाइन फुकट बघता येतो, निघायच्या आधी गोंदोचा भाग उघडून नाइसच्या कडेने जाणारे बारीक पट्टे कुठे रस्त्याला छेदतात ते टिपून ठेवा. फोटो इथेच टाका, दोन्ही बाजूंचे, आणि शेजारी मापाला पेन ठेवायला विसरू नका.